बांधकाम व्यवसायातील सामाजिक, पर्यावरणीय व आर्थिक शाश्वततेचा समतोल : सावेडी उपनगराच्या संदर्भात

प्रस्तावना

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या उत्तरेस, मनमाड रस्त्यालगत वसलेले सावेडी हे मूळचे खेडे आज शहराचे प्रमुख निवासी उपनगर आहे. गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड, प्रोफेसर कॉलनी, भिस्तबाग या परिसरांत शेतजमिनींचे भूखंड पडत गेले आणि त्यांवर बंगले, रो-हाउस व लहान-मोठे अपार्टमेंट उभे राहिले. अशा उपनगराची वाढ एखाद्या महाप्रकल्पाने होत नसून शेकडो लहान बांधकामांच्या बेरजेने होते. बांधकामातील शाश्वततेसाठी केलेले बहुतेक नियम मात्र मोठ्या प्रकल्पांना डोळ्यांसमोर ठेवून तयार झाले आहेत. ही तफावत स्पष्ट करणे व तिच्यावरील उपायांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शाश्वततेची संकल्पना

१९८७ मध्ये ब्रुंटलंड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली. भावी पिढ्यांच्या गरजा भागविण्याच्या क्षमतेला बाधा न आणता वर्तमान पिढीच्या गरजा भागविणारा विकास, असा तिचा आशय आहे. बांधकाम व्यवसायात या विचाराची तीन अंगे दिसतात. घर परवडणारे असावे व व्यावसायिकास वाजवी नफा मिळावा, हे आर्थिक अंग होय. पाणी, वाळू, माती व ऊर्जा यांचा वापर मर्यादेत राहावा, हे पर्यावरणीय अंग होय. कामगारास सुरक्षितता व रहिवाशास आरोग्यदायी निवारा मिळावा, हे सामाजिक अंग होय. ही तीन अंगे एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत. घर स्वस्त झाल्यासारखे दिसते तेव्हा अनेकदा खर्च कमी झालेला नसतो. तो नदीपात्रावर, कूपनलिकेवर किंवा कामगाराच्या कुटुंबावर ढकललेला असतो.

पर्यावरणीय बाजू : पाणी आणि वाळू

अहिल्यानगर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. येथील वार्षिक सरासरी पाऊस साधारणपणे ५५० ते ६०० मि.मी. इतकाच आहे. निजामशाहीच्या काळात शहरास खापरी नळांद्वारे पाणी पुरविले जात असे; आज शहराची मुख्य भिस्त राहुरी तालुक्यातील मुळा धरणावर आहे. याच धरणावर लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांचा हक्क आहे, तसेच समन्यायी पाणीवाटपाच्या तत्त्वानुसार टंचाईच्या वर्षी जायकवाडीसाठीही येथून पाणी सोडावे लागते. म्हणजेच प्रत्येक नव्या इमारतीची पाण्याची गरज दुसऱ्या कोणाच्या तरी गरजेशी स्पर्धा करते.

या पार्श्वभूमीवर छतावरील पावसाचे मोल लक्षात येते. १०० चौ.मी. छतावर ५५० मि.मी. पाऊस पडल्यास ५५ हजार लिटर पाणी मिळते. गळती व बाष्पीभवन वजा जाता त्यातील ८० टक्के हाती आले, तरी ते ४४ हजार लिटर भरते. दरडोई दररोज १३५ लिटर या मानकानुसार चार जणांच्या कुटुंबास हे पाणी सुमारे ८१ दिवस पुरेल. साठवण टाकी परवडत नसल्यास हेच पाणी गाळून कूपनलिकेच्या पुनर्भरणासाठी वापरता येते.

दुसरा प्रश्न वाळूचा. मुळा, प्रवरा, गोदावरी, सीना, भीमा या नद्यांच्या पात्रांतील वाळू हा जिल्ह्यातील बांधकामांचा पारंपरिक आधार राहिला आहे. वाळूचा थर पाणी धरून ठेवतो व काठच्या विहिरींना आधार देतो. अतिउपशाने हा आधार तुटतो. २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गौण खनिजांच्या लहान पट्ट्यांसाठीही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. १ मे २०२३ रोजी श्रीरामपूर तालुक्यातील नायगाव येथे प्रतिब्रास ६०० रुपये दराने वाळू देणारा शासकीय डेपो सुरू झाला; तथापि २०२५ च्या धोरणाने डेपो पद्धत मागे घेऊन लिलाव पद्धत स्वीकारली व कृत्रिम वाळूस प्रोत्साहन दिले. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ मधील सुधारित आवृत्तीत कृत्रिम वाळूचा समावेश आहे. मात्र तीही दगडखाणीतूनच येते. त्यामुळे साहित्य बदलण्याइतकेच ते मोजके वापरणे महत्त्वाचे ठरते.

सामाजिक बाजू : कामगाराचे स्थान

गवंडी, बिगारी, सेंट्रिंग कामगार हे या व्यवसायाचे मनुष्यबळ बहुतांशी असंघटित आहे. १९९६ च्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर उपकर आकारून कामगार कल्याणाची तरतूद केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी नव्या श्रमसंहितांत समाविष्ट झाल्या असून उपकराचा किमान दर एक टक्का आहे. कल्याण मंडळाकडे नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केलेले असावे लागते. मोठ्या प्रकल्पावर सलग काम करणाऱ्यास ही अट जड जात नाही. लहान बंगल्यांवर आज एका, उद्या दुसऱ्या मालकाकडे काम करणाऱ्यास मात्र एवढ्या दिवसांचा दाखला मिळविणे कठीण जाते.

नियमांच्या उंबरठ्याखालील बांधकाम

नियमांच्या मर्यादा एकत्र मांडल्यास मूळ समस्या स्पष्ट होते. २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय मंजुरीची अट २०,००० चौ.मी. बांधीव क्षेत्रापासून लागू होते. बांधकाम राडारोड्याविषयीच्या २०२५ च्या नियमांतील विस्तारित उत्पादक जबाबदारीही याच मर्यादेपासून सुरू होते. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत पर्जन्यजल संधारणाची सक्ती ५०० चौ.मी. व त्याहून मोठ्या भूखंडांवरील बांधकामांस आहे. भूखंड ५०० चौ.मी. पर्यंतचा असल्यास अथवा सदनिका आठपेक्षा अधिक नसल्यास स्थावर संपदा कायद्याखालील नोंदणी लागत नाही. दहापेक्षा कमी कामगारांची कामे पूर्वीप्रमाणेच कामगार कल्याणाच्या तरतुदींबाहेर आहेत. स्वतःच्या निवासासाठी बांधलेल्या घराच्या खर्चाची सूट-मर्यादा जुन्या कायद्यात १० लाख रुपये होती. नव्या संहितेत ती ५० लाख रुपये झाली आहे.

यातील प्रत्येक सवलतीमागे लहान मालकावर कागदपत्रांचा भार पडू नये, हा रास्त हेतू आहे. परंतु त्यांचा एकत्रित परिणाम असा होतो की, लहान भूखंडावरील बंगला पाणी, राडारोडा व कामगार या तिन्ही बाबतींत नियमांच्या उंबरठ्याखाली राहतो. एका बंगल्याचा परिणाम नगण्य असेल. अशा शेकडो बंगल्यांचा परिणाम एका महाप्रकल्पाएवढा होतो आणि त्याची जबाबदारी कोणावरच येत नाही.

उपाययोजना

यावर सरसकट सक्ती हा व्यवहार्य मार्ग नव्हे. मर्यादेखालील भूखंडधारकाने पुनर्भरणाची सोय केल्यास महानगरपालिकेने मालमत्ता करात सवलत द्यावी व प्रत्यक्ष पाहणीनंतरच ती लागू करावी. लहान बांधकामांचा राडारोडा जमा करण्यासाठी प्रभागनिहाय केंद्रे असावीत. परवानगी देतानाच कामगारांच्या कामाच्या दिवसांची नोंदवही ठेवण्याची अट घातल्यास ९० दिवसांचा दाखला सुलभ होईल. घरमालकानेही केवळ प्रति चौरस फूट दर न पाहता पाणी, वीज व देखभाल यांच्या पुढील अनेक वर्षांच्या खर्चाचा हिशेब करावा.

येथे महाविद्यालयांची भूमिका महत्त्वाची आहे. वास्तू व स्थापत्य, अर्थशास्त्र, भूगोल आणि समाजकार्य या विभागांनी मिळून एखाद्या वसाहतीतील छते, कूपनलिका व कामगार यांचे दरवर्षी सर्वेक्षण केल्यास धोरणासाठी विश्वसनीय स्थानिक माहिती उपलब्ध होऊ शकेल.

निष्कर्ष

तिन्ही अंगांचा समतोल म्हणजे प्रत्येकास समान वाटा देणे नव्हे, तर एका अंगाचा खर्च दुसऱ्यावर लादला जाणार नाही अशी व्यवस्था करणे होय. सावेडीसारख्या उपनगरात ही व्यवस्था मोठ्या प्रकल्पांच्या नियमांतून उभी राहणार नाही. लहान भूखंडाला झेपेल असे नियम आखले, तरच ती शक्य होईल.