अक्कलदाढेची जखम आणि आपल्याच रक्ताची मदत

डेंग्यूच्या तापाने ‘प्लेटलेट्स’ हा शब्द घराघरांत पोहोचवला. रिपोर्ट हाती आला की आपण आधी तोच आकडा शोधतो. आता हा शब्द दातांच्या दवाखान्यातही ऐकू येऊ लागला आहे. अक्कलदाढ काढायला मुलाला किंवा मुलीला घेऊन गेलो की डॉक्टर विचारतात, “पीआरपी करायचे का? जखम लवकर भरायला मदत होईल.” खर्च वेगळा असतो, उत्तर तिथल्या तिथे द्यायचे असते आणि अम्मी-अब्बा गोंधळून जातात. म्हणून या महिन्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. जबड्यात जागा नसली की ती आडवी होते, हिरडीखाली किंवा हाडात अडकते. मग सूज येते, पू होतो, शेजारची चांगली दाढही किडते. अशी दाढ काढताना हिरडी कापावी लागते, कधी थोडे हाडही. मागे खड्डा राहतो. तो रक्ताने भरतो, रक्त गोठते आणि त्या गुठळीच्या आधाराने नवी हिरडी व हाड तयार होते. ही गुठळी म्हणजे कुदरतीने बांधलेली पट्टीच.

ती पट्टी निघाली तर हाड उघडे पडते. डॉक्टर याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. दाढ काढल्यावर दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत जाणारा ठणका सुरू होतो, तोंडाला दुर्गंधी येते. खालच्या अक्कलदाढेत हा त्रास इतर दातांपेक्षा अधिक होतो.

पीआरपी म्हणजे काय?

पेशंटच्याच हातातून थोडे रक्त घेतात. ते गोठू नये म्हणून त्यात औषध घालतात आणि नळी यंत्रात वेगाने फिरवतात. तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. त्यातला प्लेटलेट्सनी भरलेला भाग वेगळा काढून खड्ड्यात घालतात. निरोगी माणसाच्या एक मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. पीआरपीत त्या काही पटींनी जास्त असतात. प्लेटलेट्स रक्त थांबवतात, तसेच जखम भरायला चालना देणारी द्रव्येही सोडतात.

जबड्याच्या शस्त्रक्रियेत ही पद्धत पुढे आली ती अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट मार्क्स यांच्या १९९८ च्या अभ्यासानंतर. पुढे २००१ मध्ये फ्रान्समधील डॉ. जोसेफ शुक्रून यांनी ‘पीआरएफ’ ही सोपी पद्धत मांडली. तिच्यात रक्तात कोणतेही औषध मिसळत नाहीत.

फायदा किती?

काही अभ्यासांत दुखणे कमी झाले, हिरडी लवकर भरली. हाड लवकर भरते का, यावर मात्र सर्वांचे निष्कर्ष सारखे नाहीत. म्हणून आम्ही एवढेच म्हणू: पीआरपी ही मदत आहे, गरज नाही. दाढ खोल अडकलेली असेल आणि डॉक्टर कारण सांगून सुचवत असतील, तर जरूर विचार करा. ऐपत नसेल तर मुलांवर अन्याय झाला असे मनाला लावून घेऊ नका. बहुतेक जखमा त्याशिवायही नीट भरतात.

रक्ताचे नाव निघाले की घरातली वडीलधारी माणसे बिचकतात. इथे दुसऱ्या कुणाचे रक्त नसते, पेशंटचे स्वतःचेच असते. मात्र पीआरपी घट्ट करायला काही ठिकाणी गाईपासून मिळणारे थ्रॉम्बिन वापरतात. ते वापरणार का आणि सुई व नळी नवी आहे का, हे आधीच विचारून घ्या. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, प्लेटलेट्सची कमतरता हेही लपवू नका. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

बिनखर्चाची काळजी

कापसाचा बोळा डॉक्टर सांगतील तेवढा वेळ दाबून धरा. पहिले २४ तास चूळ भरू नका, जोराने थुंकू नका, स्ट्रॉने सरबत पिऊ नका. गालावर बाहेरून बर्फ धरा. खिचडी, दही, गार झालेला शोरबा चालेल. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ भरा. सिगारेट, तंबाखू आणि मिश्री निदान काही दिवस पूर्ण बंद ठेवा. मिश्री लावणाऱ्या आपल्या खाला-फुफींना हे आवर्जून सांगा, कारण तंबाखूने जखम भरणे लांबते.

घाई नसेल तर दाढ रमजानच्या आधी किंवा नंतर काढावी. औषधे आणि पाणी वेळेवर घ्यावे लागते. रमजानातच काढावी लागली, तर आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत आहे. आपल्या बाबतीत काय करावे, ते डॉक्टर व जाणत्या आलिमांना विचारा.

आणि तिसऱ्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, ताप आला किंवा तोंड उघडेनासे झाले, तर लवंगेच्या तेलावर दिवस काढू नका. पीआरपी केलेले असो वा नसो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.