ओट्याची धूळ, कामगाराचा श्वास

कृत्रिम क्वार्ट्झ दगडावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून घातलेल्या बंदीचे मूळ सिलिकाच्या धुळीत आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या दगडात सिलिका अनेकदा ९० टक्क्यांच्या पुढे असते. ग्रॅनाइटमध्ये साधारण ३० टक्के. कोरडा कटर फिरला की उडणारी जाडी धूळ बव्हंशी नाका-घशातच अडते. फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात ते साधारण ४ मायक्रॉनचे, डोळ्यांना न दिसणारे कण. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, शिवाय क्षयरोगाचा धोका वाढवतो.

ही धूळ मोजण्यासाठी कामगाराच्या कमरेला छोटा पंप लावतात. त्याची नळी कॉलरपर्यंत जाते. तिथे, नाकापासून वीतभर अंतरावर, सायक्लोन नावाची छोटी कुपी जाडे कण खाली पाडते आणि बारीक धूळ फिल्टरवर जमते. पंप पाळीभर चालतो. मग प्रयोगशाळेत क्वार्ट्झ मोजून आठ तासांची सरासरी काढतात. शेडच्या कोपऱ्यात ठेवलेल्या यंत्राला कटरवर वाकलेल्या माणसाच्या श्वासात काय जाते ते कळत नाही.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात सिलिकाची मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. भारतात कारखाने अधिनियमातून आलेले सूत्र आहे: १० भागिले क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २. ९० टक्के क्वार्ट्झ असलेल्या बारीक धुळीला त्यानुसार सुमारे ०.११ मिलिग्रॅमची मुभा मिळते, म्हणजे सिलिका जवळपास दुप्पट. ही मर्यादा निम्म्यावर आणायलाच हवी.

उपायांचा क्रम ठरलेला आहे. आधी कमी सिलिकाचा दगड, मग पात्यावर पाण्याची धार आणि धूळ उगमापाशीच खेचणारा पंखा. मास्क सर्वांत शेवटी. दाढीवर तो घट्ट बसत नाही, घामाने खाली ओढला जातो. तोंडाला बांधलेला रुमाल तर या कणांपुढे निरुपयोगी. ओली कापणी झाल्यावर उरलेला चिखलही ओला असतानाच उचलावा लागतो. तो वाळला, त्यावर झाडू फिरला, की तीच धूळ पुन्हा हवेत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्याची किमान कामगारसंख्या १० वरून २० केली. दोन-चार जणांनी मिळून करायची कापणी आधीही या व्याख्येबाहेर होती, आता आणखी दूर गेली. म्हणून घरी ओटा बसवून घेणाऱ्यांनी कोरडी कापणी होऊ देऊ नये. कटरवर पाणी सोडायला लावावे आणि त्यासाठी लागणारा जादा वेळ व मजुरी द्यावी.