टळला असता का?

आयसीयूत दाखल झाल्यावर काही दिवसांनी रुग्णाला थंडी वाजून ताप येतो, ब्लड कल्चरमध्ये जंतू वाढतात आणि संसर्ग नियंत्रण समितीपुढे केसपेपर येतो. समितीची सुरुवात ठरलेली असते. दाखल होऊन ४८ तास उलटले होते का, सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, दोन दिवसांहून जास्त होती का, जंतू फुप्फुसातून किंवा लघवीच्या मार्गातून तर रक्तात उतरले नाहीत ना. एरवीही त्वचेवर नांदणारा जंतू असेल, तर तो नमुना घेतानाच बाटलीत गेला नाही ना, हे पाहण्यासाठी दोन स्वतंत्र नमुन्यांत तो सापडावा लागतो. लाइन घातल्यावर आठवड्याच्या आत ताप आला तर संशय ती घालतानाच्या स्वच्छतेवर, पुढे आला तर नळीच्या तोंडाशी रोज होणाऱ्या हाताळणीवर. इथवर सगळं तर्काला धरून चालतं. यापुढे ‘टाळता आला असता’ हा शेरा मात्र एकट्या केसपेपरच्या बळावर मारता येत नाही, असं माझं म्हणणं आहे.

केसपेपरवर दिसतं ते फक्त लिहिलेलं. ड्रेसिंग ओलं झाल्याची प्रामाणिक नोंद करणारा वॉर्ड अडकतो. काहीच न लिहिणारा सुटतो. शिवाय निकाल आधीच हाती असतो, त्यामुळे सापडेल ती त्रुटी कारणासारखी भासू लागते. तीच त्रुटी शेजारच्या खाटेवरही घडलेली असते, पण त्या रुग्णाला ताप आलेला नसतो, म्हणून त्याचा केसपेपर कोणी उघडत नाही. तुलनेला काही नसताना दिलेला हा निवाडा आहे.

संसर्ग टळतात हे पटवलं ते अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने. पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये शंभरावर आयसीयूंचा अनुभव मांडला. हात धुणे, लाइन घालताना पूर्ण निर्जंतुक आच्छादन, त्वचेला क्लोरहेक्सिडीन, शक्यतो मांडीतली शीर टाळणे आणि गरज संपताच लाइन काढणे, एवढीच पाच कामं. दर हजार लाइन-दिवसांमागे सरासरी ७.७ संसर्ग होते. दीड वर्षाच्या सुमारास ते १.४ वर आले. यातला कुठला संसर्ग टळला, ते कुणालाच बोट दाखवून सांगता येणार नाही. किती टळले, हे मात्र सांगता येतं.

यावर कोणी म्हणेल, मिशिगनमधल्या आयसीयू दराच्या क्रमाने लावल्या तर बरोबर मधल्या आयसीयूचा आकडा शून्यावर आला, मग प्रत्येकच संसर्ग टाळण्याजोगा का मानू नये? पण सरासरी शून्य झाली नव्हती. ल्युकेमियाच्या उपचारात आतड्याचं अस्तर झिजतं आणि तिथले जंतू थेट रक्तात जातात. लाइन कितीही स्वच्छ ठेवा. अमेरिकेच्या देखरेख यंत्रणेने २०१३ पासून अशा संसर्गांची वेगळी वर्गवारी केली, ते योग्यच झालं. दुसरी शंका अधिक अवघड आहे. इंग्लंडने मिशिगनचा कित्ता गिरवला, तेव्हा कार्यक्रमात अजून न शिरलेल्या आयसीयूंतही संसर्ग घटताना दिसले. मोजदादही सगळीकडे एकसारखी नव्हती. म्हणजे घट झाली तरी श्रेय कोणाचं, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते यामुळे समूहाची तुलना निरुपयोगी ठरत नाही, ती अधिक काटेकोर करावी लागते. आणि समूह मोजूनही जे नक्की सांगता येत नाही, ते एका केसपेपरवरून सांगण्याचा आव तर मुळीच आणू नये.

मग नातेवाइकांना काय सांगायचं? ‘सांगता येत नाही’ म्हणून हात झटकायचे? नाही. काय करायचं राहिलं, हे त्यांना स्पष्ट सांगता येतं आणि सांगायलाच हवं. त्याने निकाल बदलला असता की नाही, हा दावा तेवढा टाळायचा. आपल्याकडे सलाईनच्या बाटलीला हवेसाठी सुई टोचून ठेवायची सवय अनेक ठिकाणी आहे, आणि त्या वाटेने जंतू आत शिरू शकतात. ही सुई बंद करायला एकाही रुग्णाबद्दल निवाडा लागत नाही. समितीने ताप न आलेल्या रुग्णांपैकीही काही खाटा दर आठवड्याला निवडाव्यात आणि पाहावं: लाइन आजही लागते का, ती ठेवायचं कोणी ठरवलं, बाटलीत सुई आहे का.