गोट्याला घर मिळालं!

दुकानातून आणलेलं पिटुकलं कासव पुढे ताटलीएवढं होतं आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं. म्हणून त्याचं घर बांधायचं ते आजच्या मापानं नव्हे, उद्याच्या!

माझ्या भाच्याच्या सातव्या वाढदिवसाला त्याच्या काकांनी एक कासव भेट दिलं. दोन रुपयांच्या नाण्याहून थोडंसं मोठं, हिरवंगार, डोळ्यांमागे तांबडी रेघ. सोबत एक पारदर्शक डबा आणि त्यात प्लॅस्टिकचं नारळाचं झाड. ‘‘डबा लहान असला की कासवही लहानच राहतं,’’ असं दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलेलं. ताईच्या ठाण्यातल्या घरात त्याचं नाव पडलं गोट्या.

आठ महिन्यांत गोट्याचे डोळे सुजून मिटले. त्यानं खाणं सोडलं. पाठीचं कवच बोटानं दाबलं तर दबायला लागलं. ताईचा फोन आला, ‘‘तलावात सोडून देऊ का गं याला? तिथं निदान जगेल तरी!’’ सुदैवानं तलावावर जाण्याआधी ती जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘हे राहतं कुठं?’’ डब्याचं वर्णन ऐकून ते म्हणाले, ‘‘औषध देतो. पण पुन्हा त्याच डब्यात ठेवणार असाल तर औषधाचा उपयोग नाही.’’

गोट्यासारखी कितीतरी कासवं आज घराघरांत काचेच्या भांड्यात दिवस काढत आहेत. कुणी मुलांच्या हट्टापायी आणतं, कुणी घरात भरभराट व्हावी म्हणून. देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला आपण नमस्कार करतो. घरातल्या जिवंत कासवाला मात्र काय लागतं, हे क्वचितच कुणी विचारतं.

कासव कोणतं, ते आधी पाहा

घर बांधण्याआधी कायदा समजून घ्या. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव कितीही देखणं असलं तरी ते पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि हे कासव पहिल्या अनुसूचीत गेलं. ते घरात सापडलं तर तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. तळ्यातलं, शेतातलं देशी कासव उचलून आणणंही गुन्हाच. असं कासव तुमच्याकडे आलं असेल तर वनखात्याला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे.

दुकानांतून सर्रास मिळतं ते लाल कानाचं कासव. इंग्रजीत त्याला ‘रेड-इअर्ड स्लायडर’ म्हणतात. ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. ते जमिनीवरचं नाही, पाण्यातलं कासव आहे. खातंही पाण्यातच, कारण पाण्याशिवाय त्याला घास गिळता येत नाही. इथून पुढची माहिती या कासवाबद्दल आहे.

पाणी किती, टाकी केवढी?

डबा लहान म्हणून कासव लहान राहत नाही. ते आजारी पडतं, वेडंवाकडं वाढतं किंवा मरतं. या जातीचा नर साधारण २० सेंटिमीटर, तर मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते.

हिशेब सोपा आहे. कवचाच्या दर इंचामागे ४० लिटर पाणी. आठ इंची नराला ३२० लिटर, दहा इंची मादीला ४०० लिटर. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत दीड फूट पाणी भरलं तर सव्वातीनशे लिटरच्या आसपास मावतं. म्हणजे नराची सोय झाली. मादीला मात्र टाकी पाच फूट लांब हवी. पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या निदान दीडपट ते दुप्पट ठेवा. पाण्यापासून टाकीच्या काठापर्यंत एक वीत तरी भिंत मोकळी असू द्या, कारण हा प्राणी चढण्यात पटाईत असतो.

एक धोक्याची सूचना! सव्वातीनशे लिटर पाणी म्हणजे सव्वातीनशे किलो वजन. अशी टाकी फ्लॅटच्या पुढे आलेल्या बाल्कनीत ठेवायची असेल तर आधी जाणकाराला विचारा.

काचेची एवढी मोठी टाकी महाग पडते. ताईचं घर तळमजल्यावर आहे आणि स्वयंपाकघरामागे थोडी मोकळी जागा आहे. भाओजींनी छतावर ठेवतात तशी प्लॅस्टिकची आडवी पाण्याची टाकी आणली, ती मधोमध उभी कापली आणि अर्धा भाग विटांवर घट्ट बसवला. कापलेली कड पॉलिश कागदानं घासून गुळगुळीत केली. सिमेंटचा हौद बांधायचा विचार असेल तर तो आठ-दहा वेळा भरून रिकामा करा. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, तो कासवाला बाधतो.

तळाशी बारीक खडे नकोत, कासव ते गिळतं. हवेच असतील तर त्याच्या डोक्याहून मोठे गोटे टाका.

कोरडी जागा हवीच

पाण्यातलं कासव असलं तरी त्याला रोज पूर्ण कोरडं व्हावं लागतं. सतत ओलं राहिलं तर कवचाला बुरशी धरते. टाकीच्या एका टोकाला विटांचे दोन खांब रचा, त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा टाका आणि पाण्यातून वर यायला खरखरीत उतार ठेवा. फरशीवर संपूर्ण कासव मावलं पाहिजे. सगळं पक्कं बसवा. विटा सरकल्या तर खाली अडकलेलं कासव बुडून मरतं. होय, कासवही बुडतं, कारण ते फुप्फुसांनीच श्वास घेतं!

ऊन काचेतून नको

कासवाचं कवच म्हणजे चढवलेलं चिलखत नव्हे. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणाच त्यात जोडलेला असतो. हे हाड घट्ट व्हायला कॅल्शियम लागतं, कॅल्शियम अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व आणि ते तयार व्हायला उन्हातले अतिनील किरण. खिडकीची काच नेमके हेच किरण अडवते. म्हणून दिवाणखान्यात काचेमागे ठेवलेल्या कासवाला उजेड मिळतो, ऊन मिळत नाही. गोट्याचं कवच मऊ पडलं ते यामुळेच. डोळे सुजले ते ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी, कारण महिनोन्‌महिने त्याला फक्त सुकी कोळंबी मिळत होती.

टाकीवर रोज सकाळचं थेट ऊन येऊ द्या, पण अर्ध्या टाकीवर सावली हवीच. मे महिन्यात उघड्यावरचं उथळ पाणी दुपारी इतकं तापतं की कासव त्यात शिजून मरू शकतं. उन्हाची जागाच नसेल तर अतिनील किरणांची खास ट्यूब मिळते. ती दिसायला पेटलेली असली तरी काही महिन्यांनी किरण देईनाशी होते. म्हणून सहा महिने ते वर्षभरात ती बदलावी लागते.

पाण्याचं तापमान २४ ते २८ अंश आणि ऊन खायच्या फरशीवर ३० ते ३५ अंश असावं. मुंबईत बहुतेक दिवस वेगळं काही करावं लागत नाही. नागपूर, इंदूर, दिल्लीकडे थंडीत मात्र पाणी गरम करणारा हीटर लागतो. कासव त्याला धडकून फोडेल, म्हणून त्याला जाळीचं आवरण हवं. वीज आणि पाणी एकत्र आहे, तेव्हा वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

उघड्यावरच्या टाकीला वरून जाळी विसरू नका. कावळा, घार आणि मांजर, तिघांचंही कासवाच्या पिल्लावर लक्ष असतं.

स्वच्छता आणि मुलं

कासव भरपूर घाण करतं. माशांच्या टाकीचा छोटा फिल्टर पुरत नाही, पाण्याच्या मानानं दुप्पट क्षमतेचा घ्या. शिवाय दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. काढलेलं पाणी फुलझाडांना उत्तम खत! पालेभाज्यांना मात्र घालू नका. त्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि ते लहान मुलांना फार त्रास देतात. याच कारणामुळे अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. टाकीतली भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नका. कासवाला हात लावला की साबणानं हात धुवा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती ते देऊच नका.

तळ्यात सोडू नका

‘आता झेपत नाही, तळ्यात सोडून पुण्य मिळवू,’ हा विचार सर्वांत घातक. आजारी कासव तिथं मरतं. धडधाकट जगलं तर देशी कासवांचं अन्न आणि उन्हाची जागा बळकावतं, रोगही पसरवतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परकीय जातींच्या यादीत या कासवाचं नाव आहे. युरोपीय संघानं १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली. गुवाहाटीच्या उग्रतारा देवळाच्या तळ्यात, जिथं दुर्मीळ देशी कासवं राहतात, तिथं २०१८ साली हे कासव आढळलं. ते तिथं चालत गेलं नव्हतं, कुणीतरी आणून सोडलं होतं. सांभाळणं अशक्यच झालं तर जागा असलेलं दुसरं घर शोधा किंवा प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला विचारा.

आणि अजून आणलं नसेल तर? मग आधी चार फुटी टाकीची जागा घरात मोजा. जागा नसेल तर मुलाला तसं सांगा. तो आज रुसेल, उद्या विसरेल.

गोट्या बरा व्हायला चार महिने लागले. आता भाचा चौदा वर्षांचा आहे आणि टाकीचं पाणी बदलायचं काम त्याचं. मागच्या वर्षी गोट्या सारखा टाकीतून बाहेर पडायला धडपडू लागला, खाईना. पुन्हा डॉक्टर. त्यांनी तपासून हसत सांगितलं, ‘‘तुमचा गोट्या मादी आहे. अंडी घालायला जागा शोधतेय!’’ नराशिवायही मादी अंडी घालते, आणि माती मिळाली नाही तर ती पोटातच अडकून जिवावर बेततं. भाओजींनी त्याच संध्याकाळी फरशीला लागून एक खोका बसवला आणि त्यात फूटभर ओलसर वाळू-माती भरली. तिसऱ्या दिवशी तिथं सात अंडी होती.

नाव मात्र गोट्याच राहिलं आहे. सकाळी साडेआठला ऊन फरशीवर येतं, तेव्हा ती मागचे पाय लांब ताणून, डोळे मिटून पडलेली असते.