जहाजाचा गंज काढणारे यंत्र

गोदीत जहाजाचा गंज व जुना रंग काढण्यासाठी कारागीर परांचीवर चढून वाळूचा मारा करतात. त्या वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. हेच काम आता यंत्रमानवही करतो. चुंबकाने पोलादाला चिकटून तो भिंतीसारख्या उभ्या पत्र्यावर चालतो, २,००० बारहून अधिक दाबाने पाणी मारतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या सुमारे हजारपट दाब! निघालेला रंग व पाणी तो जागीच शोषून घेतो. मात्र कोपरे व अरुंद जागा हातानेच साफ कराव्या लागतात. यंत्र चालवायला, पंप सांभाळायलाही माणूस लागतो. कारागीर बांधवांनो, मुलांना हे हुनर शिकवा. रोजी टिकेल, छातीही शाबूत राहील.