मीठ पाण्यात पडण्यापूर्वी

गढूळ पाणी स्थिर ठेवले, तर माती तळाशी बसते. पालापाचोळा गाळणीने निघतो. परंतु मीठ एकदा विरघळले, की ते तळाशी बसत नाही आणि फडक्यातही अडकत नाही. एका मोठ्या संकटाचे मूळ या साध्या गोष्टीत आहे आणि त्यावरील उपायही तिच्यातच आहे.

तमिळनाडूत पालार नदीच्या खोऱ्यात वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट ही गावे चामडे कमावण्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहेत. जनावराचे ओले कातडे काही तासांतच कुजू लागते. ते टिकावे, म्हणून त्यास मीठ चोळतात. १०० किलो कातड्यांस सुमारे ४० किलो मीठ लागते. कारखान्यात ही कातडी प्रथम भिजत घालतात, तेव्हा ते मीठ पाण्यात उतरते. असे पाणी वर्षानुवर्षे बाहेर सोडले गेल्याने विहिरी खारट झाल्या. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका पाहणीनुसार सुमारे ३५,००० हेक्टर शेतजमीन अंशतः किंवा पूर्णतः लागवडीस निरुपयोगी झाली होती. कारखान्यांनी सांडपाणी शुद्ध केलेच पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने १९९६ साली दिला.

परंतु शुद्धीकरण केंद्रातील जिवाणू कुजणारी घाण खातात, मीठ खात नाहीत. विरघळलेले मीठ वेगळे करण्यास महागडी यंत्रे व पुष्कळ वीज लागते. मग लहान कारखानदाराने काय करावे? त्याने कातडे भिजवण्यापूर्वीच झटकावे! लाकडी चौकटीवर कातडे आपटले किंवा जाळीच्या पिंपात फिरवले, की सुटे मीठ खाली गळते. ते स्वच्छ करून चामडे कमावण्याच्या पुढील कामात पुन्हा वापरता येते.

कातड्यात मुरलेले मीठ मात्र भिजवणीच्या पाण्यात उतरतेच. हे पाणी इतर सांडपाण्यात न मिसळता पक्क्या तळाच्या उथळ वाफ्यांत साठवतात. मिठागरातल्याप्रमाणे उन्हाने पाण्याची वाफ होते व मीठ मागे राहते. तेही जपून ठेवावे लागते. उघड्यावर टाकल्यास पहिल्याच पावसात ते पुन्हा विहिरीची वाट धरते. म्हणून जितके मीठ आधी झटकले जाईल, तितके उत्तम.

मुलांनो, मिसळणे क्षणाचे काम आहे. वेगळे करणे कष्टाचे. घरातील तेलकट कढई धुण्यापूर्वी कागदाने पुसून घ्या, म्हणजे हाच नियम तुमच्याही हातून पाळला जाईल. जे पाण्यात जाऊच दिले नाही, ते पाण्यातून काढावे लागत नाही.