पाच मण्यांचा डिंक

ग्वाल्हेरच्या सराफ्यात सोनारांची दुकानं ढीगभर, पण तुटलेली माळ गाठवायची तर पटवाच लागतो. परवा आईची माळ घेऊन गेले. पटव्याने दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि ओवायला बसला. दोन मणी, त्यातल्या एकाखाली तीन मण्यांचं लोंबतं. पुन्हा दोन मणी, पुन्हा लोंबतं. बघता बघता मला झॅन्थन आठवलं. हसू नका. सॉसच्या बाटलीवर बारीक अक्षरांत ४१५ हा आकडा असतो ना, तोच हा डिंक, आणि त्याची घडण हुबेहूब या माळेसारखी आहे.

लाडवातला डिंक झाडाच्या जखमेतून पाझरतो. हा मात्र कोबीची पानं काळी पाडून कुजवणारा झॅन्थोमोनास कॅम्पेस्ट्रिस हा जिवाणू स्वतःभोवती गुंडाळतो. अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत अ‍ॅलीन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बुळबुळीतपणाचं मोल ओळखलं, आणि १९६९ मध्ये तिथे तो खाद्यपदार्थांत घालायला परवानगी मिळाली. या जिवाणूची भावकी आपल्याही ओळखीची आहे. डाळिंबावरचा तेल्या त्यातलाच. आंब्यावर काळे डाग पाडणाऱ्या जिवाणूचं वर्णन तर १९४८ मध्ये पुण्याच्या पटेल, मोनिझ आणि कुलकर्णी यांनी केलं. बागायतदार ज्याच्या नावाने बोटं मोडतो, त्याचा चुलतभाऊ आपण आइस्क्रीममधून मिटक्या मारत खातो.

माळेची कृती बारा जनुकांत लिहिलेली आहे. ‘गम-बी’पासून ‘गम-एम’पर्यंत, चाळीतल्या खोल्यांसारखी एकाला एक लागून. पेशीच्या पटलात एक स्निग्ध रेणू असतो. तो म्हणजे पटव्याचा अंगठा. ‘गम-डी’चं विकर त्यावर पहिला मणी, म्हणजे ग्लुकोज, अडकवतं, ‘गम-एम’चं दुसरा. मग लोंबतं सुरू : ‘गम-एच’ मॅनोज लावतं, ‘गम-के’ ग्लुक्युरॉनिक आम्ल, ‘गम-आय’ शेवटचा मॅनोज. ‘एफ’, ‘जी’ आणि ‘एल’ यांच्याकडे मॅनोजवरची नक्षी. उरलेली चार हे पाच-पाच मण्यांचे तुकडे जोडून माळ पेशीबाहेर सोडतात. कोणी कोणाच्या कामात हात घालत नाही. सराफ्यातल्या कारागिरांचंही तसंच असतं.

लोंबत्यांमुळे माळ ताठ राहते आणि शेजारच्या माळांत गुंतते. म्हणून सॉस बाटलीत घट्ट उभा. बाटली हलवली की गुंता सैल होतो, सॉस ओघळतो आणि ताटलीत पडल्यावर पुन्हा थबकतो. कारखान्यात मात्र हाच गुण डोकेदुखी ठरतो. टाकीत साखर, भरपूर हवा आणि तीसेक अंश तापमान मिळालं की जिवाणू रस इतका दाट करून ठेवतो की ढवळणी फिरवायलाच जोर लागतो, आणि हवा तळापर्यंत पोचेनाशी होते. शेवटी अल्कोहोल ओतून डिंक साकळवतात, वाळवतात, दळतात.

एखादा कारागीर रजेवर पाठवला तर? १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात शास्त्रज्ञांनी तेच करून पाहिलं. लोंबत्याचा शेवटचा मणी गाळला, तर डिंक पातळ निघाला. म्हणजे दोन गाळले तर आणखी पातळ? नाही. वजनाला वजन धरलं तर तो मूळ डिंकापेक्षाही घट्ट निघाला! फक्त असा तोकडा डिंक जिवाणू हात आखडून बनवतो.

हे पटव्याला सांगायचं मनात होतं. पण तो तोंडात दोरा धरून गाठ मारत होता.